जुनी गाडी, नवा हात – भाग ६ : आधी पाणी, मग वायर, मग रेक्झिन

जुनी गाडी घरी आणलेला माणूस चार दिवसांत डॅशबोर्डावर हात फिरवून हळहळतो आणि पाचव्या दिवशी कुशनवाल्याला गाठतो. त्याचंही बरोबर आहे. तळाचा गंज दिसत नाही, इंजिनाची झीज दिसत नाही, समोरची भेग मात्र रोज दिसते. मग दोन-तीन तासांत वरून नवं काळं रेक्झिन चढतं, नातेवाइकांना फोटो जातात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच रेक्झिनच्या कडा सुटायला लागतात. मागच्या भागात आपण सीटच्या स्प्रिंगा पाहिल्या. तिथे घाई केली तर फार तर बसताना टोचतं. डॅशबोर्डामागे वायरिंग असतं, त्यामुळे तिथल्या घाईने गाडी पेटूही शकते.

आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नवशिक्याने सुरुवात करावी अशी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कारखाना कुर्ल्याचा. १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आलेली ही गाडी पुढे ‘प्रेसिडेंट’ झाली, १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ झाली आणि २००० च्या आसपास बंद पडली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही उतरली. खासगी पद्मिनी मात्र फेरनोंदणी करून अजून चालतात. त्यांचे डॅशबोर्डावरचे जुने मीटर, खटके, पट्ट्या कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे चिकाटीने शोधले तर मिळू शकतात. नवशिक्याला यापेक्षा मोठी सोय नाही.

कामाला हात घालण्याआधी डॅशबोर्ड कशाचा आहे ते ओळखा, कारण एकाचं औषध दुसऱ्याला विष ठरतं. पद्मिनीसारख्या गाड्यांत मूळ सांगाडा रंगवलेल्या पत्र्याचा असतो. ऐंशीच्या दशकात आलेल्या गाड्यांत फोमवर ताणलेली व्हिनाइलची कातडी किंवा सरळ कडक प्लास्टिक दिसू लागलं. प्लास्टिक कोणतं हे मागच्या बाजूला कोरलेलं असेल तर उत्तम, पण जुन्या गाड्यांत ते सहसा नसतं. अशा वेळी आतल्या, न दिसणाऱ्या कडेचा ब्लेडने एक बारीक कपचा काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. तरंगला तर बहुधा पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधा गोंद किंवा रंग धरत नाही, गरम हत्याराने वेल्डच करावं लागतं. बुडाला तर बहुधा एबीएस. त्याच न दिसणाऱ्या जागी अॅसिटोनचा एक थेंब लावून पाहा. चिकट झालं तर एबीएस असण्याची शक्यता आणखी वाढते, आणि मग काम सोपं आहे. त्याच प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून जी लापशी होते, तीच भेगेत भरायची.

भेग पडते कशाने? उन्हाने, हे सगळ्यांना माहीत आहे, पण किती उन्हाने याचा अंदाज नसतो. २०१८ साली अमेरिकेत अॅरिझोनामध्ये संशोधकांनी उन्हात तासभर उभ्या केलेल्या बंद गाड्यांतलं तापमान मोजलं. डॅशबोर्डाचं तापमान सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत गेलं होतं. सावलीतल्या गाडीत तेच ४८ च्या आसपास होतं. बदलापूरचा मे महिना अॅरिझोनाएवढा तापत नाही, पण उघड्यावर रोज आठ तास, अशी तीस वर्षं, हा हिशेब लहान नाही. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य मिसळलेलं असतं. उष्णतेने ते हळूहळू उडून जातं. समोरच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात हेच द्रव्य असतं. ते गेलं की कातडी आखडते, खालचा फोम आखडत नाही, आणि ताण जिथे जास्त तिथे ती फाटते. स्पीकरच्या जाळीचे आणि हवेच्या झडपांचे कोपरे सगळ्यात आधी जातात ते यामुळे.

ऊन वरून मारतं, पाणी आतून. पद्मिनीच्या वयाच्या गाडीत समोरच्या काचेचं रबर दगडासारखं झालेलं असतं. त्यातून झिरपलेलं पाणी डॅशबोर्डाच्या मागे उतरतं, पत्र्याला गंज लावतं, फोमचा भुगा करतं आणि मग चालकाच्या पायाशी येतं. आपण पायाशी ओल पाहून दरवाजाच्या रबराला दोष देतो. तपासणीला दोन माणसं लागतात. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळीचं पाणी हलक्या धारेने काचेच्या खालच्या कडेपासून वर नेत सोडायचं. आतल्या कडेला आधी टाल्कम पावडर भुरभुरवून ठेवली तर पाण्याचा माग लगेच उमटतो. बॉनेटच्या मागची हवेची जाळीही साफ करा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पानांचा गाळ साचून पाणी तुंबतं. रबर बदलणं हाच उपाय. वरून सिलिकॉन मारू नका, आणि ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते तर अजिबात नाही, कारण ते वाळताना सोडत असलेलं आम्ल पत्रा खातं.

बदलापूरकरांनी आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा २०१९ च्या जुलैअखेर उल्हास नदी गावात शिरली, तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून विकल्या जातात. सीट बदलता येतात, कार्पेट बदलता येतं, पण मीटरच्या मागच्या कोनाड्यात, वायरींच्या जुडग्यावर, हीटरच्या डब्याच्या खाचेत बसलेला मातकट गाळ कोणी काढत नाही. मीटर उतरवलं की तो दिसतो. जुनी गाडी अजून घ्यायची असेल तर सौद्याआधी टॉर्च लावून डॅशबोर्डाच्या खालून वर बघा. गाळाची रेघ दिसली तर किंमत पाडून घ्या, किंवा सरळ परत फिरा. मी परत फिरण्याच्या बाजूचा आहे.

आता वायर. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जी तार बॉडीला गेली आहे ती आधी सोडा. बहुतेक गाड्यांत ती मायनसची असते, पण ब्रिटिश घराण्याच्या काही जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो, म्हणून रंगावर विसंबू नका, तार कुठे जाते ते पाहा. मग मोबाइलने प्रत्येक कोपऱ्याचे फोटो. प्रत्येक तारेला मास्किंग टेपची चिठ्ठी. स्क्रू वेगवेगळ्या पाकिटांत, कारण त्यांची लांबी सारखी नसते आणि आखूड जागी लांब स्क्रू बसवला तर तो मागच्या जुडग्यात घुसतो. मीटरची केबल मागून आटे फिरवून सोडायची असते. मीटर नुसतं पुढे ओढलं तर केबल तुटते. वायरीचं आवरण बोटाने चुरडलं तर तिथेच थांबा आणि वायरिंगवाल्याला बोलवा. डॅशबोर्ड उघडा असतानाच ते काम स्वस्तात होतं. आधीच्या मालकाने म्युझिक सिस्टीम, हॉर्न, फॉग लॅम्प यांच्या तारा पिळून टेप गुंडाळून जोडलेल्या असतील (असतातच), त्या सगळ्या काढून टाका.

एवढं झाल्यावर भेगांचा नंबर. दुकानात मिळणारी चकाकी आणणारी पॉलिशं बहुधा सिलिकॉनची असतात आणि त्यावर कोणताही रंग डोळे धरतो. म्हणून आधी साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन्ही पुन्हा पुन्हा. देवाची मूर्ती चिकटवलेल्या टेपचा डाग निलगिरीच्या तेलाने सुटतो, पण तेल लगेच पुसून घ्या. भेगेच्या दोन्ही टोकांना दोन मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे ती पुढे धावणार नाही. उचललेल्या कडा कापून भेगेला इंग्रजी ‘व्ही’सारखा उतार द्या. भरायला लवचीक फिलर घ्या. पेंटरकडची नेहमीची लांबी (पुट्टी) इथे चालत नाही, ती वाळून कडक होते आणि उन्हात व्हिनाइल फुगलं की तडकते. मग १८० पासून ३२० नंबरपर्यंत पॉलिश पेपर आणि शेवटी व्हिनाइलच्या रंगाचे पातळ हात. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ पाच बरे. व्हिनाइलचे मूळ दाणे हुबेहूब उमटत नाहीत, हे आधीच मान्य करा.

भेगा मोजण्याच्या पलीकडे गेल्या असतील तर रेक्झिनच चढवावं, त्यात कमीपणा नाही. आणि इथे आपला पट्टा कामाला येतो. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारामुळे फोम, रेक्झिन आणि ते ताणून बसवणारे हात इथे दूर शोधावे लागत नाहीत. जीन्सच्या धंद्यामुळे जाड कापडावर दुहेरी शिलाई घालणारी मशीनंही आहेत. डॅशबोर्डाच्या कडेला सरळ दुहेरी टीप हवी असेल तर असा कारागीर गाठा. पण सोफ्याचं रेक्झिन घेऊ नका. ते घरातल्या सावलीसाठी बनलेलं असतं, काचेखाली वर्षा-दोन वर्षांत आखडून चिकट होतं. गाडीचं रेक्झिन मागून विणलेल्या, दोन्ही बाजूंना ताणणाऱ्या कापडाचं असतं. दुकानातच दोन्ही दिशांना ओढून पाहा. चिकटवायचं सोल्युशन उष्णता सोसणारं मागा. आणि हे काम दिवाळीनंतरच काढा. पावसाळी हवेत सोल्युशनवर ओलाव्याचा पांढुरका थर येतो, पकड बसत नाही. पुढच्या जूनमध्ये सुटणाऱ्या कडा अनेकदा आदल्या ऑगस्टमध्येच चुकलेल्या असतात. केसाळ कापड डॅशबोर्डावर चिकटवण्याबद्दल काही विचारू नका.

पत्र्याच्या डॅशबोर्डाचं काम डेंटर-पेंटरचं. गंज पत्र्यापर्यंत खरवडायचा, इपॉक्सी प्रायमर, मग रंग. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पेपर पाण्यातच मारा आणि मास्क लावा. राखदाणी, ब्रॅकेट, कप्प्याचं झाकण असे सुटे भाग अंबरनाथच्या एमआयडीसीत पावडर कोटिंगला देता येतात. मूळ पत्रा मात्र बॉडीलाच वेल्ड केलेला असतो आणि ते कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत भाजावं लागतं, त्यामुळे तो विचार सोडा.

या पत्र्यावरची सगळ्यात वाईट जखम उन्हाची नसते, म्युझिक सिस्टीमसाठी कापलेल्या चौकोनाची असते. पत्रा मूळचा राखायला आता आणखी एक कारण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक घेता येतो. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. १९७४-७५ च्या पद्मिनी आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. तुमच्या गाडीत पत्रा अजून कापलेला नसेल तर कापू नका, स्पीकर सीटखाली बसवा. कापलेला असेल तर मागून पट्टी वेल्ड करून चौकोन बुजवून घ्या.

पुढच्या आठवड्यात दरवाजांची पॅनेलं आणि काच वर-खाली करणारी यंत्रणा घेऊ. तोवर गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर काचेआड एक पांढरा पुठ्ठा टाकायला आजपासून सुरुवात करा.