बोटांना मुंग्या आणि जुना लॅपटॉप

दहावी-बारावीचे निकाल लागले की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांच्या गावी ‘आपले सरकार सेवा केंद्रां’पुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास. ही गर्दी ओसरते न ओसरते तोच पेरण्या उरकतात आणि पीक विम्याचे अर्ज सुरू होतात. टेबलामागे बसलेला मुलगा किंवा मुलगी सकाळपासून रात्रीपर्यंत नावे, गट क्रमांक आणि आधार क्रमांक टाइप करत असते. ऑगस्ट उजाडला की त्यांच्यापैकी कोणी ना कोणी सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात येऊन बसते. तक्रार ठरलेली असते : रात्री हाताला मुंग्या येतात, जाग येते, हात झटकला की बरे वाटते. आणि अलीकडे पुढचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘कीबोर्ड बदलू का? जुन्या लॅपटॉपचा कीबोर्ड चांगला असतो म्हणतात.’

हाच प्रश्न आणखी एक गट विचारतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी वर्ग लावलेली मुले घरीही दोन-तीन तास सराव करतात. घरच्यांनी सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून लॅपटॉपसाठी पंधरा-वीस हजार बाजूला काढलेले असतात. ते चुकीच्या यंत्रावर गेले तर दुसऱ्यांदा निघत नाहीत. म्हणून हा प्रश्न दुकानदारावर सोडून देण्याइतका किरकोळ नाही.

आधी बोटांकडे पाहू. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वळवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध, आणि ‘मीडियन’ नावाची एक नस जाते. बोगद्यातला दाब वाढला की सर्वांत आधी ही नस कुरकुरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी सुटते. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मुंग्या फक्त करंगळीकडे येत असतील तर दोष बहुधा कोपराशी असतो. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून तासन् तास बसणाऱ्यांना हा त्रास होतो आणि त्यावर कोणताही कीबोर्ड उपाय नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर रात्री अंथरुणात चालवलेला मोबाइल आधी आठवावा.

टायपिंगचा गुन्हा किती?

‘टायपिंगमुळे कार्पल टनेल होतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते, पण ते जसेच्या तसे खरे नाही. डेन्मार्कमध्ये जवळपास सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांची पाहणी करून त्यांचा वर्षभर मागोवा घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष २००३ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. कीबोर्ड किती तास वापरला याचा या विकाराशी ठळक संबंध सापडला नाही. आठवड्याला २० तासांहून जास्त माउस वापरणाऱ्यांत मात्र लक्षणे दिसण्याची शक्यता वाढलेली आढळली. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण आणि वाढलेले वजन ही या विकाराची जुनी, नक्की ठाऊक असलेली कारणे आहेत. स्त्रियांत तो अधिक दिसतो. तेव्हा लॅपटॉपवर पैसे घालण्याआधी रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासून घेणे शहाणपणाचे. सरकारी रुग्णालयात त्यासाठी फारसा खर्चही येत नाही.

मग कीबोर्डने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण तो वेगळ्या ठिकाणी. टाइप करणारा माणूस कळ दाबायला लागते त्याहून कितीतरी जास्त जोर लावतो. मोजणी केली तेव्हा हा जोर गरजेच्या अडीचपट ते जवळजवळ चौपट निघाला. कळ किती खाली जाते आणि ‘लागली’ हे बोटाला कधी कळते, यावर हा जोर बराच अवलंबून असतो. कळ उथळ असेल तर बोट थेट तळावर आदळते. १९९९ मध्ये अमेरिकेत एक लहानशी चाचणी झाली. हाताला मुंग्या येणाऱ्या वीस जणांना बारा आठवडे दोन प्रकारचे कीबोर्ड दिले. दिसायला दोन्ही नेहमीचेच, फरक फक्त कळेच्या आतल्या रचनेत. एका गटाचे दुखणे कमी झाले, पण ते सहाव्या आठवड्यानंतर. आणि नसेतून संदेश जाण्याच्या वेगात काही सुधारणा दिसली नाही. म्हणजे चांगल्या कीबोर्डने वेदना उतरू शकते, दबलेली नस मोकळी होत नाही. वीस माणसांवरून फार मोठे बोलू नये हे खरे, पण दवाखान्यात दिसते तेही याच्या विरुद्ध नाही.

जुन्या टंकलेखन यंत्राची आठवण इथे हमखास निघते. गोदरेजने १९५५ साली भारतात यंत्र बनवले आणि पुढे तहसील कचेरीच्या आवारात झाडाखाली बसून अर्ज लिहून देणाऱ्यांच्या दोन पिढ्या अशा यंत्रांवर जगल्या. त्या कळा आजच्यापेक्षा कितीतरी जड होत्या. तरी त्या कामात एक सोय आपोआप होती : प्रत्येक ओळीनंतर हात उचलून गाडा मागे ढकलावा लागे, पानानंतर कागद बदलावा लागे. बोटांना विसावा यंत्रच देत असे. शिवाय मनगट टेकवायला जागाच नव्हती आणि वर्गातले सर पाठ वाकली की बोलत. लॅपटॉप असा कोणताच विसावा देत नाही.

मराठीची करंगळी

इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या लक्षात न येणारी एक अडचण मराठीत आहे. भारत सरकारने १९८६ पासून पुढे आणलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. अक्षरे इंग्रजीपेक्षा जास्त, त्यामुळे विरामचिन्हांच्या कळांवरही ती बसवावी लागली. अर्धविरामाच्या कळेवर च, तिच्या शेजारी ट, तिरक्या रेघेवर य, चौकटी कंसावर ड. ‘डॉक्टर’ हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये टाइप करून पाहा. सहा कळा लागतात आणि त्यांतल्या तीन, म्हणजे ड, ऑची मात्रा आणि ट, एकट्या उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. वर्गांमध्ये अजून चालणाऱ्या रेमिंग्टन पद्धतीतही कडेच्या कळा आणि शिफ्ट यांचे काम बरेच असते.

स्वस्त आणि छोट्या लॅपटॉपमध्ये जागा वाचवायची म्हणून नेमक्या याच कडेच्या कळा अरुंद केलेल्या असतात. इंग्रजीत त्या क्वचित लागतात, म्हणून कारखान्याला फिकीर नाही. मराठी टाइप करणाऱ्याचे मनगट मात्र दर शब्दाला करंगळीच्या बाजूला मुरडते. दिवसाला काही हजार वेळा मुरडलेले मनगट संध्याकाळी दुखणारच. म्हणून दुकानात लॅपटॉप हातात घेतला की आधी उजवी कड पाहावी : एंटर, उजवी शिफ्ट आणि दोन्ही चौकटी कंसांच्या कळा पूर्ण रुंदीच्या आहेत का? रॅम आणि हार्ड डिस्क नंतर विचारता येते.

जुना का, आणि किती जुना?

कीबोर्डच्या ख्यातीत ‘थिंकपॅड’चे नाव पहिले येते. आयबीएमने ते १९९२ साली बाजारात आणले आणि २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेला. २०११ पर्यंतच्या टी ४२० आणि एक्स २२० या यंत्रांत सात ओळींचा, खोल कळांचा कीबोर्ड होता आणि त्याचे चाहते आजही तो शोधत असतात. पुढे सगळ्याच कंपन्यांनी लॅपटॉप पातळ केले आणि कळा उथळ होत गेल्या. अॅपलने २०१५ मध्ये आणलेल्या कळा तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दबत. त्या बिघडायच्याही फार आणि २०१९ च्या अखेरीस कंपनीने जुन्या धाटणीकडे परतायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय मानकांत कळ किमान दीड मिलिमीटर दबावी आणि दोन ते चार मिलिमीटर असेल तर उत्तम, असे सांगितले आहे. आजचे बहुतेक लॅपटॉप या खालच्या रेषेवरच रेंगाळतात.

तरीही २०११ चे यंत्र घेण्याचा मोह टाळावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँक खाती टाइप होणार, ते सुरक्षेची नवी दुरुस्ती न मिळणारे असू नये. लिनक्स जमणाऱ्याची गोष्ट निराळी, पण परीक्षेच्या सरावाची आणि सरकारी कामाची सॉफ्टवेअर बहुधा विंडोजच मागतात. दोन्ही टोके सांभाळणारी यंत्रे २०१८ च्या आसपासची : थिंकपॅड टी ४८०, डेलचे लॅटिट्यूड ५४९०, एचपीचे एलिटबुक ८४० जी ५. ही कचेऱ्यांसाठी बनलेली यंत्रे. पुण्या-मुंबईच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी ती एकगठ्ठा काढून टाकतात आणि व्यापाऱ्यांमार्फत ती नागपूर-अकोल्यापर्यंत येतात. त्याच पैशांत मिळणाऱ्या कोऱ्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा त्यांचा कीबोर्ड बहुतेक वेळा सरस असतो. हे मत आहे, पण पाच मिनिटे टाइप केले तर कोणालाही पडताळता येईल.

ती पाच मिनिटे दुकानात उभ्याने घालवू नयेत. खुर्ची मागावी, यंत्र टेबलावर ठेवावे, मराठी सुरू करावे आणि सरावातला एखादा उतारा पूर्ण टाइप करावा. प्रत्येक कळ मधोमध आणि मग कडेवर दाबून पाहावी. चांगली कळ कडेवर दाबली तरी सरळ खाली जाते, ढिली झालेली तिरकी होते. टाइप करताना कीबोर्डचा मधला भाग खाली वाकत असेल तर बोट दरवेळी मऊ गादीवर पडल्यासारखे होते आणि जोर वाढतो. गुळगुळीत, चकाकणाऱ्या कळा म्हणजे भरपूर वापर. दुकानदार ‘नवाच आहे’ म्हणत असला तरी कळा खोटे बोलत नाहीत. मात्र तेवढ्यावरून नाकारू नये. कचेरीच्या यंत्रांचे कीबोर्ड वेगळे मिळतात आणि बऱ्याच मॉडेलांत ते बदलता येतात. अनेक स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये मात्र कीबोर्ड वरच्या पत्र्याशी कायमचा जोडलेला असतो, एक कळ गेली की अख्खा भाग बदला.

वाशीमच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती बॅटरी. टिनाच्या पत्र्याखालच्या दुकानात दुपारी चार्जिंगला लावून ठेवलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते आणि कधी फुगते. ती बसते कीबोर्डच्या किंवा टचपॅडच्या खालीच. त्यामुळे सपाट टेबलावर लॅपटॉप डगमगत असेल, टचपॅड दबत नसेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा कीबोर्डला मध्येच उंचवटा आला असेल तर ते यंत्र चालू असले तरी घेऊ नये. फुगलेली बॅटरी टोचली किंवा दाबली गेली तर पेट घेऊ शकते. घरातल्या यंत्रात हे दिसले तर चार्जिंग थांबवून ते जाणकाराकडे न्यावे, स्वतः स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये. टी ४८० ची मागची बॅटरी खटके सरकवून बाहेर काढता येते, पण आत दुसरी बॅटरी असते हे विसरू नये.

यंत्र घरी आले की ते ठेवायचे कुठे? बहुतेक घरांत ते खाटेवर किंवा मांडीवर जाते आणि चांगल्या कीबोर्डचा निम्मा फायदा तिथेच संपतो. मांडी घालून बसायचे असेल तर पाटापेक्षा चौरंग बरा. कोपर काटकोनात आले की बोटे जिथे पोचतात, तिथे कळा हव्यात. मनगट वर मुडपलेले नको आणि टाइप करताना कडेवर टेकवलेलेही नको. लॅपटॉपची मूळ खोट अशी की कळा हाताच्या उंचीवर आणल्या तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. रोज चार-सहा तास काम असणाऱ्याने म्हणून जाडजूड पुस्तकांवर लॅपटॉप चढवावा आणि वेगळा कीबोर्ड जोडावा. बिलाच्या काउंटरवर खटखट वाजणारा टीव्हीएस गोल्ड अनेकांनी पाहिला असेल. त्याच्या प्रत्येक कळेखाली स्वतंत्र यांत्रिक स्विच असतो आणि कळ तळाला आदळण्याआधीच बोटाला ती लागल्याचे कळते. आधीचा लॅपटॉप नीट चालत असेल तर नुसता असा कीबोर्ड घेणे दुसऱ्या लॅपटॉपपेक्षा स्वस्त पडते. त्याचा आवाज मात्र घरच्यांना सोसावा लागेल.

डेन्मार्कच्या पाहणीतला माउसही इथे आठवावा. ऑनलाइन अर्जातल्या एका रकान्यातून दुसऱ्यात जायला दरवेळी माउसकडे हात नेण्याची गरज नाही, टॅबची कळ ते काम करते. थिंकपॅडच्या कळांमध्ये बसवलेला लाल ठिपकाही हात न हलवता बाण सरकवतो. सवय लागायला आठवडाभर जातो.

कीबोर्ड बदलून, उंची सांभाळून, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधूनही चार-सहा आठवड्यांत मुंग्या उतरल्या नाहीत, तर हाडांच्या किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवावे. नसेची तपासणी होते, गरज पडली तर मनगटात इंजेक्शन देतात आणि दाब फारच असेल तर लहानशी शस्त्रक्रिया करून पट्टा मोकळा करतात. थांबू नये अशी खूण वेगळीच आहे : हातातून कपबशी सुटू लागणे, शर्टाची गुंडी लावता न येणे, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागणे. यातले काही दिसले तर लॅपटॉपची खरेदी बाजूला ठेवावी आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.