इंजिनचा दाब मोजण्यापूर्वी

जुनी मोटारसायकल चढावर दम टाकू लागली, किक हलकी लागू लागली, की ‘कॉम्प्रेशन गेले’ असे निदान चटकन केले जाते. मग सिलिंडर उतरवून बोअर करायचा, नवा पिस्टन बसवायचा, खर्च बराच. त्याआधी स्पार्कप्लगच्या भोकात दाबमापक बसवून पाहणे शहाणपणाचे. मात्र पूर्वतयारीत कसूर झाली तर धडधाकट इंजिनही रोगी ठरते.

आधी आकडा किती यावा ते पाहू. १९५५ पासून मद्रासला (आता चेन्नई) जोडली जाऊ लागलेली बुलेट ३५० घ्या. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मि.मी., पिस्टनची धाव ९० मि.मी. यावरून घनफळ काढा, ३४६ घ.सें.मी. येईल. पिस्टन पूर्ण वर गेला की त्याच्या डोक्यावर सुमारे ६३ घ.सें.मी. जागा उरते. म्हणजे ४०९ घ.सें.मी. हवा ६३ मध्ये कोंबली जाते. हे गुणोत्तर झाले ६.५.

बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब वातावरणाच्या ६.५ पट व्हावा. दाबमापक वातावरणाहून जास्तीचा दाब तेवढा दाखवतो, म्हणून काटा ५.५ पटीवर, म्हणजे दर चौरस इंचास सुमारे ८० पौंडांवर थांबावा. पण हा नियम तापमान कायम असेल तरच लागू पडतो. सायकलचा पंप जोराने मारताना त्याचे टोक तापते ना? तशी इथेही हवा तापते. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही तर दाब १३.७ पट होईल आणि काटा १८५ च्या पुढे जाईल! प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता शोषतात, शिवाय हवा आत घेणारी झडप थोडी उशिरा मिटते. त्यामुळे खरा आकडा बहुधा या दोहोंच्या दरम्यान असतो. तुलना करायची ती गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी. आणि महाबळेश्वरला हवेचाच दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो, हे विसरू नये.

आता तयारी. इंजिन थंड असताना टॅपेटची फट तपासावी. ती फारच कमी असेल तर झडप पुरती मिटत नाही आणि दोष बिचाऱ्या पिस्टनच्या माथी येतो. नंतर गाडी थोडी फिरवून इंजिन गरम करावे, कारण पिस्टन, रिंगा व सिलिंडर चालू इंजिनच्या तापमानालाच एकमेकांत नीट बसतात. इंजिन बंद करून किल्ली काढावी. प्लगभोवतीची धूळ आधी पुसावी, नाहीतर प्लग काढताच खडे आत पडतील. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लगच्या तारेतून ठिणगी उडाली तर ती पेट घेईल. म्हणून हे काम उघड्यावर, जाणत्या मेकॅनिकच्या देखरेखीखालीच करावे.

यानंतर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा. बहुतेकांची गफलत होते ती इथेच. ॲक्सिलरेटर बंद असला की कार्ब्युरेटरची वाट जवळजवळ मिटते आणि सिलिंडर अर्धपोटी राहतो. आत येणारी हवाच वातावरणाच्या ०.६ पट दाबाची असेल, तर ६.५ पट दाबूनही एकूण दाब ३.९ पटच होणार. इंजिन निर्दोष, तरी काटा निम्म्याच्या आसपास! बुलेटच्या डीकॉम्प्रेसरला तर हातच लावू नये. त्याचे कामच दाब सोडून देण्याचे.

आता एकसारख्या जोराने किक मारा. मापकातील एकेरी झडप हवा परत जाऊ देत नाही, त्यामुळे काटा टप्प्याटप्प्याने चढतो. तो चढायचा थांबला की आकडा टिपून घ्या.

एवढे करूनही आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. ऑइल रिंगा व सिलिंडर यांमधील फट तात्पुरती बुजवते. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलेले असणार. काटा जागचा हलला नाही तर गळती बहुधा झडपांतून आहे, आणि मग बोअर करण्याचे कारण नाही. झडपा घासून बसवल्या की पुष्कळदा काम भागते.