प्रेसपाशी उभं राहून

चाकण-भोसरीच्या पट्ट्यात वाहनांसाठी पत्र्याचे भाग काढणारी प्रेस शॉप्स जागोजागी आहेत. एका भागाची ऑर्डर संपली की त्याची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, उतरवायची आणि पुढच्या भागाची चढवायची, हे तिथलं रोजचं काम. ते कागदावर आणणं हे माझं काम. शॉपमध्ये त्या कागदाला डब्ल्यूआय म्हणतात, म्हणजे वर्क इन्स्ट्रक्शन. बाहेर या व्यवसायाला तांत्रिक लेखन म्हणतात आणि ते टेबलाशी बसून होतं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. टेबलाचा वाटा त्यात थोडा आहे. बहुतेक लेखन प्रेसपाशी उभं राहून, दुसऱ्याचे हात बघत होतं.

डाय कशी बदलता, असं सेटरमामांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. ‘‘त्यात काय मॅडम, क्लॅम्प सोडायचे, जुनी काढायची, नवी टाकायची.’’ ते काही लपवत नाहीत. वर्षानुवर्षं केलेलं काम हातात इतकं मुरतं, की त्यातल्या पायऱ्या करणाऱ्याला वेगळ्या दिसेनाशा होतात. म्हणून मी आधी नुसती बघते आणि त्यांचे हात जिथे थांबतात तिथेच विचारते.

मामांनी जुन्या डायच्या वरच्या भागाचे क्लॅम्प सैल केले, इंचिंग करत, म्हणजे थोडा थोडा सरकवत, रॅम हा प्रेसचा वरखाली होणारा भाग वर नेला, मोटर बंद केली आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

‘‘आता कशासाठी थांबलात?’’

‘‘फ्लायव्हील फिरतंय ना अजून.’’

त्या डब्ल्यूआयची सगळ्यात महत्त्वाची ओळ मला इथे मिळाली. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद झाली तरी तिचं जड फ्लायव्हील बराच वेळ गरगरत राहतं. आवाज उतरतो, दिवा विझतो, बघणाऱ्याला मशीन थांबल्यासारखं वाटतं. पण त्या चाकात साठलेली ऊर्जा रॅम खाली आणायला पुरेशी असते. क्लचनं चुकून पकडलं तर रॅम खाली येईल आणि तेव्हा कुणाचा तरी हात आत असेल. त्यामुळे ‘प्रेस बंद करा’ एवढं लिहून भागत नाही. मोटर बंद करा. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबा. मेन आयसोलेटर ऑफ करून त्याला स्वतःचं कुलूप लावा, किल्ली स्वतःकडे ठेवा. त्यानंतर सेफ्टी ब्लॉक लावा. हा क्रम मागेपुढे झालेला चालत नाही, कारण सेफ्टी ब्लॉक रॅमचं आणि वरच्या डायचं वजन पेलायला बनवलेला असतो, चालत्या प्रेसचा जोर पेलायला नाही. हे कारणही मी एका वाक्यात लिहिते. कारण कळलं नाही तर घाईच्या दिवशी माणूस तीच पायरी गाळतो. आणि डाय बदलताना घाई असतेच, कारण प्रेस जितका वेळ थांबते तितका वेळ माल निघत नाही.

जुनी डाय निघाल्यावर मामांनी बोल्स्टर, म्हणजे डाय ज्यावर बसते तो प्रेसचा पाट, कॉटन वेस्टनं पुसला आणि त्यावरून उघडा तळहात फिरवला. कुणाच्याही सांगण्यात ही पायरी आली नव्हती. पत्र्याची एखादी बारीक चिप डायखाली राहिली तर डाय कणभर तिरकी बसते. मग भागाला एका बाजूला बर, म्हणजे कडेची खरखरीत कोर, येते, डायची धार जाते. मामांना ती चिप तळहाताला कळते. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, उघडा हात कागदावर येणार नाही. मामा म्हणाले, हातमोज्यातून काही कळत नाही. दोघांचंही बरोबर होतं. तोड टूलरूमनं सुचवली. पृष्ठभागावर ऑइलस्टोन सपाट धरून हलका फिरवायचा. चिप असेल तिथे दगड अडतो, बर असेल तर घासली जाते. लेखकाचं काम इथे तिघांना एका प्रेसपाशी आणण्याचं होतं. मला या व्यवसायातलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

वाक्यांच्या रचनेबाबत विमानवाहतुकीनं फार मोठी वाट करून दिली आहे. युरोपातल्या विमानउद्योगानं देखभालीच्या पुस्तिकांसाठी सोप्या, नियंत्रित इंग्रजीचे नियम बसवले. त्यांची पहिली मार्गदर्शिका १९८६ मध्ये आली आणि पुढे त्यातूनच एएसडी-एसटीई१०० हे मानक झालं. कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत, आणि एका वाक्यात एकच सूचना. मराठीत मी तेच पाळते. धोक्याचा इशारा पायरीच्या आधी येतो. खाली तळटीप म्हणून तो चालत नाही, कारण हातात पाना धरलेला माणूस पूर्ण पान वाचून मग कामाला लागत नाही. तो एक ओळ वाचतो, ती करतो आणि मग पुढची ओळ वाचतो.

कच्चा मसुदा तयार झाला की परीक्षा असते. मामांना तो दाखवून उपयोग नसतो. ते कागदावर नसलेलंही करून मोकळे होतात. म्हणून आयटीआयमधून नुकताच आलेला अप्रेंटिस बोलावते. मामा शेजारी उभे राहतात, हात पाठीमागे, धोका दिसला तरच बोलायचं. मी गप्प बसते. मुलगा जिथे अडतो तिथे मी पेन्सिलनं खूण करते. ‘क्लॅम्प घट्ट करा’ या ओळीवर तो मान वर करून विचारतो, ‘‘आधी कुठला?’’ मामा नेहमी समोरासमोरचे क्लॅम्प जोडीनं आवळतात, डाय सरकू नये म्हणून. हे पुढच्या मसुद्यात आकृतीवर आकडे घालून येतं.

भाषेचा प्रश्न वेगळा. कायद्यानं कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये केली गेली. आज एकाच पाळीत लातूरचा, बिहारचा आणि ओडिशाचा मुलगा शेजारी असतो. मी मराठी आणि हिंदी अशा दोन प्रती करते आणि दोन्हींत भागांची नावं शॉपमध्ये बोलतात तीच ठेवते. बोल्स्टरला ‘आधारपट्ट’ लिहिलं तर ते कुणालाच कळणार नाही.

मग मेंटेनन्स, सेफ्टी आणि क्वालिटीच्या सह्या होतात, रिव्हिजन क्रमांक पडतो, लॅमिनेट केलेली प्रत प्रेसला लागते. जुनी प्रत त्याच वेळी उतरवून घ्यावी लागते. दोन रिव्हिजन एकाच मशीनवर लटकत असणं हे कागदच नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस त्यातली जवळची वाचतो.

पण सह्या झाल्या म्हणून मजकूर गोठत नाही. परवा मामांनीच हटकलं. नवी आलेली डाय आधीच्यापेक्षा उंच आहे. शट हाइट, म्हणजे रॅम पूर्ण खाली असताना त्याच्या आणि बोल्स्टरच्या मधलं अंतर, न वाढवता रॅम खाली आणला तर प्रेस तळाशी जाम होईल. कागदात शट हाइट तपासायची पायरी डाय चढवून झाल्यावर येते. ‘‘ती वर घ्या मॅडम. डाय रॅकवर असतानाच उंची मोजायची आणि रॅम तेव्हाच सेट करून ठेवायचा. कुलूप लागल्यावर रॅम हलवणार कसा?’’ रिव्हिजन तीनचा मसुदा आता टूलरूमकडे गेला आहे.