घराचा नकाशा काढा, आपण खरंच कशाला महत्त्व देतो ते कळेल

'तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय?' असं कुणालाही विचारा. मुलांचं शिक्षण, आई-वडिलांची तब्येत, नमाज, कर्जातून सुटका, अशी उत्तरं लगेच येतात. ती खोटी नसतात. पण महिन्याचा पैसा आणि दिवसाचे तास कुठे गेले हे मांडून बघितलं की चित्र वेगळं निघतं. मुलीच्या क्लासची फी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून थांबलेली असते आणि त्याच महिन्यात नात्यातल्या लग्नाचे कपडे, आहेर, गाडीभाडं यावर फीच्या दुप्पट खर्च झालेला असतो.

स्वतःचा हिशोब घेणं, म्हणजे मुहासबा, आपल्याला नवीन नाही. पण डोक्यातल्या हिशोबात माणूस स्वतःला सूट देतो. कागदावर मांडलं की तशी सूट घेता येत नाही.

गावं हे कसं करतात?

गावाच्या नियोजनासाठी 'पीआरए' नावाची पद्धत 1990 च्या दशकापासून आपल्या देशात वापरली जाते. लोक जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, चिंचोके किंवा दाणे ठेवून कोणता प्रश्न मोठा ते ठरवतात. कागदाचे लहान-मोठे गोल कापून मांडण्याच्या प्रकाराला तर 'चपाती चित्र' असंच नाव पडलं आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यातलं आर्वी तालुक्यातील काकडदरा 2017 च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं. पाणलोटाच्या अशा कामात कुदळ मारण्याआधी शिवार फिरून बघावं लागतं. पाणी कुठे पडतं, कुठून वाहून जातं हे कळल्यावरच चर कुठे खोदायचा ते ठरतं. घराचंही तसंच आहे. आपला वेळ आणि पैसा कुठून वाहून जातो ते आधी बघावं लागतं.

घरी करण्यासारखे तीन प्रकार

1. दिवसाचा गोल. मोठा गोल काढून त्याचे 24 भाग करा. फज्र, जोहर, असर, मगरिब, इशा या खुणा आधी करा. मधल्या भागांत झोप, काम, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, मोबाईल भरा. दिवस कसा जायला हवा ते लिहू नका, कालचा दिवस जसा गेला तसाच लिहा.

2. वीस चिंचोके. 20 चिंचोके म्हणजे घरची महिन्याची कमाई. कमाई 20 हजार असेल तर एक चिंचोका एक हजाराचा. किराणा, भाडं, शाळा, औषधं, हप्ते, लग्नकार्य, सदका, बचत असे चौकोन काढा आणि गेल्या महिन्यात जसा खर्च झाला तसे चिंचोके ठेवा. फोटो काढा. मग मनासारखे परत मांडा आणि दुसरा फोटो काढा. दोन फोटोंतला फरक सगळ्यांना दाखवा.

3. चपाती चित्र. कागदाच्या मध्यभागी 'मी' लिहा. जी गोष्ट जितकी महत्त्वाची वाटते तितका तिचा गोल मोठा कापा. तिला खरोखर जितका वेळ आणि पैसा मिळतो तितका तो 'मी'च्या जवळ ठेवा. जो गोल मोठा आहे पण दूर पडला आहे, तिथेच आपलं उत्तर आहे.

प्रत्येकाने वेगळं काढायचं

हे सर्वांत महत्त्वाचं. पीआरएमध्ये बायकांना आणि पुरुषांना अनेकदा वेगवेगळे नकाशे काढायला सांगतात, कारण एकाच गावाचे दोन नकाशे सारखे निघत नाहीत. घरातही हेच होतं. समजा, हिंगणघाटचं एक कुटुंब आहे, मुलगी बारावीला आहे. अब्बांच्या चित्रात 'मुलीचं लग्न' हा सर्वांत मोठा गोल. मुलीच्या चित्रात 'नर्सिंगचं शिक्षण' सर्वांत मोठा, पण कागदाच्या पार कडेला. अम्मीच्या चित्रात सगळ्यांचं सगळं आहे, फक्त तिचं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं कुठेच नाही. तिने स्वतःला मोजलंच नाही.

असे तीन कागद शेजारी ठेवले की बोलणं सोपं जातं. घरातल्या लहानाने आधी बोलावं, मोठ्यांनी शेवटी. 'तू असं का काढलंस?' असं दटावून विचारू नका. 'हे जरा समजावून सांग' म्हणा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. भाडं, कर्जाचा हप्ता, आजारपण यांत गेलेला पैसा हा चुकीचा प्राधान्यक्रम नसतो, ती मजबुरी असते. असे चौकोन लाल रंगाने रंगवा. ज्यांची कमाई लालमध्येच संपते त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. तिथे शिष्यवृत्ती, सरकारी योजना किंवा नातेवाइकांची मदत शोधायची गरज आहे, हेही चित्रच सांगतं. राहिलेल्या चिंचोक्यांवर मात्र आपला हात चालतो.

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. एक चिंचोका आणि दिवसातला एक तास, एवढंच हलवा. लग्नकार्याच्या चौकोनातला एक चिंचोका फीच्या चौकोनात, मोबाईलचा एक तास अम्मीला दवाखान्यात न्यायला. कागदावर तारीख टाका आणि तीन महिन्यांनी परत मांडा. पण घरात बारावीचं मूल असेल तर एवढं थांबू नका. प्रवेशाच्या तारखा आपल्या सोयीने येत नसतात. येत्या सुटीच्या दिवशीच चिंचोके काढा.