वकील दिलेला असताना आरोपीने स्वतः अर्ज केला तर?

बीड - तारखेमागून तारखा पडतात, वकिलांची भेट होत नाही, आपले म्हणणे न्यायाधीशांपर्यंत पोहोचतच नाही, अशी भावना झाली की कारागृहातील आरोपी स्वतःच अर्ज लिहितो. वकीलपत्र दाखल असताना अशा अर्जाला कायद्याच्या दृष्टीने किती किंमत असते?

राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 (1) नुसार आरोपीला पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचीही मुभा आहे. लोकमान्य टिळकांनी 1908 च्या राजद्रोह खटल्यात स्वतःच युक्तिवाद केला होता. मात्र, वकिलानेही बोलायचे आणि आरोपीनेही समांतर युक्तिवाद करायचा, असा हक्क कोणाला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही स्वतः बचाव करण्याचा हक्क 1975 मध्ये मान्य केला. पण 1984 मध्ये अशा दुहेरी प्रतिनिधित्वाचा हक्क नाकारला.

आरोपीचे स्वतःचे अधिकार

काही गोष्टी मात्र वकील असला तरी आरोपीच्याच हाती राहतात. पुरावा संपल्यावर न्यायालय आरोपीला थेट प्रश्न विचारते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम 351 मध्ये आहे. न्यायालयाच्या परवानगीने तेथे लेखी निवेदनही देता येते. या उत्तरांचा निकालात विचार होतो. त्यामुळे वकिलाला न विचारता लिहिलेला मजकूर बचावाच्या विरोधात जाण्याचा धोका असतो.

तुरुंगातून अपील

खरी कसोटी शिक्षेनंतर लागते. बीड किंवा अंबाजोगाई येथील सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जाते. त्याची मुदत सर्वसाधारणपणे 60 दिवसांची, तर फाशीच्या शिक्षेत 30 दिवसांची असते. कैदी आपले अपील कारागृह अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि अधिकाऱ्याने ते न्यायालयाकडे पाठवावेच लागते (कलम 424). अपिलाची मुदत संपण्यापूर्वी ते संक्षिप्तपणे फेटाळता येत नाही. ते फेटाळल्यानंतर वकिलामार्फत आलेले दुसरे अपील विचारात घ्यायचे राहिले होते असे आढळल्यास, न्यायहितासाठी न्यायालय त्यावर सुनावणी घेऊ शकते (कलम 425). म्हणजेच दोन अर्जांच्या गोंधळात कैद्याचा हक्क बुडू नये, याची काळजी कायद्यानेच घेतली आहे.

ही काळजी किती आवश्यक आहे, हे महाराष्ट्रातीलच होसकोट खटल्यात दिसून आले. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत कैद्याच्या हाती पडल्याचा पुरावा नव्हता आणि त्याची याचिका चार वर्षांहून अधिक विलंबाने दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये याचिका फेटाळली. मात्र, निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील हा कैद्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले.

मार्ग कोणता?

वकिलाबद्दल तक्रार असेल तर समांतर अर्ज करण्याऐवजी वकील बदलून मागणे अधिक सुरक्षित ठरते. कोठडीतील व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्वतःच युक्तिवाद करायचा असल्यास आधी वकीलपत्र रद्द करून तसे न्यायालयाला स्पष्ट सांगावे. मात्र, अपिलाची मुदत संपत आली असेल, तर वकिलाची वाट न पाहता कारागृहातून अपील पाठविणेच हिताचे आहे.