नवजात बालकांची शुश्रूषा आणि परिचारिकांचे निरंतर शिक्षण

आपल्या रुग्णालयाच्या जमाखर्चात 'कर्मचारी प्रशिक्षण' अशी एक ओळ असते. नव्या वॉर्मरवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, इमारतीची कोनशिला बसविता येते. ह्या ओळीपाशी मात्र दाखविण्यासारखे काही नसते. त्यामुळे हितचिंतकांच्या मनात प्रश्न येणे स्वाभाविक आहे : जिने रीतसर शिक्षण घेऊन परिषदेकडे नोंदणी केली आहे, त्या परिचारिकेस पुन्हा पुन्हा शिकविण्याचे प्रयोजन काय? नवजात विभागापुरते त्याचे उत्तर येथे देत आहोत.

बहुसंख्य बालके जन्मताच रडतात व श्वास घेऊ लागतात. शंभरातील सुमारे पाच ते दहा बालकांना मात्र त्यासाठी मदत लागते. अंग कोरडे करणे, ऊब देणे, मान योग्य स्थितीत ठेवणे, पाठ चोळणे एवढ्यानेच त्यांतील बरीच सावरतात. जी सावरत नाहीत त्यांच्या फुप्फुसांत पहिल्या मिनिटाच्या आत बॅग व मास्कने हवा पोहोचवावी लागते, तीही मिनिटाला ४० ते ६० वेळा. कृती सांगायला सोपी, पण हाताला अवघड आहे. मास्क नीट बसला नाही तर हवा कडेने निसटते. मान फार मागे गेली किंवा पुढे झुकली तर श्वासमार्ग अडतो. बॅग जोराने दाबली तर कोवळ्या फुप्फुसाला इजा होते. छाती उचलली जात नसेल तर मास्क पुन्हा बसविणे, मान पुन्हा ठेवणे, तोंड साफ करणे, दाब वाढविणे हे सारे आठवत न बसता क्रमाने घडावे लागते. छोट्या प्रसूतिगृहातील एखाद्या परिचारिकेवर असा प्रसंग कित्येक महिने येत नाही. आणि येतो तेव्हा रात्रपाळीत ती बहुधा एकटीच असते.

वापरात नसलेले हे कौशल्य काही महिन्यांतच मंदावते, असे अनेक देशांतील पाहणीत दिसून आले आहे. टांझानियातील हायडम ह्या ग्रामीण रुग्णालयाचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. तेथे प्रसूती करणाऱ्यांना एक दिवसाचे प्रशिक्षण दिले गेले. काही महिन्यांनी पुतळ्यावर परीक्षा घेतली, तेव्हा त्यांचे काम सुधारलेले होते. प्रत्यक्ष प्रसूतिकक्षातील वागणूक मात्र बदललेली नव्हती. पुढे त्याच रुग्णालयाने प्रसूतिकक्षातच थोडा थोडा, पण वारंवार सराव सुरू केला. त्यानंतर पहिल्या २४ तासांतील मृत्यूंचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे ११.१ वरून ७.२ वर आले. हे निष्कर्ष २०१३ व २०१५ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या जवळचा दाखलाही थोडा संमिश्रच आहे. बेळगाव जिल्ह्यात अशाच प्रशिक्षणानंतर मृत जन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनियातील एक केंद्र अशा तीन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर केलेल्या पाहणीत मात्र, तिन्ही मिळून पाहता, अपेक्षित घट आढळली नाही. ह्यावरून प्रशिक्षण निरुपयोगी ठरते असे आम्ही मानीत नाही. शिबिर भरविले, प्रमाणपत्रे वाटली, छायाचित्र काढले की काम संपले, ही समजूत मात्र त्यावरून निकालात निघते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीसाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. ही व्यवस्था आवश्यकच आहे. परंतु सभागृहात ऐकलेले व्याख्यान हाताला वळण लावत नाही.

दुसरे कारण असे, की ज्ञानच बदलत असते. २००० सालच्या सुमारास उत्तम शिकलेली एखादी परिचारिका श्वास न घेणाऱ्या बालकास निव्वळ प्राणवायू देई. पूर्ण दिवसांच्या बालकासाठी साध्या हवेने सुरुवात करावी, अशी शिफारस २०१० सालापासून आहे. बाळाने पोटातच शी केली असेल तर खांदे बाहेर येण्यापूर्वीच नाक-तोंड ओढून काढण्याची पद्धत होती. ती २००५ साली मागे पडली. अशा निपचित बालकाच्या श्वासनलिकेत सरसकट नळी घालून ती ओढून काढण्याची पद्धतही २०१५ साली थांबविण्यात आली. नाळ जन्मताच कापण्याची घाई असे; आता बालक ठीक असल्यास निदान एक मिनिट थांबतात, म्हणजे वारेतील रक्त त्याला मिळते. ह्या परिचारिकेचे शिक्षण त्या काळी सदोष नव्हते, परंतु ती तेथेच थांबली तर तिच्या हातून आज चुकीचे उपचार होतील.

कांगारू पद्धतीची गोष्ट तर अधिकच लक्षणीय आहे. कमी वजनाचे बालक स्थिरावल्यावर आईच्या उघड्या छातीशी ठेवावे, असे पूर्वी शिकवीत. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय धरून पाच देशांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली आले. १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजनाच्या बालकांना स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच असे ठेवल्यास २८ दिवसांतील मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येतात, असे त्यात दिसले. म्हणजे ज्या अतिदक्षता कक्षाच्या दाराशी आपण आईला थांबवीत होतो, तेथेच तिची खाट मांडावी लागते. हा बदल परिपत्रकाने होत नाही. बाळ छातीशी असताना सलाईन कशी सांभाळावी, दूध कसे पाजावे, आई दमली तर आजी वा वडिलांनी बाळ कसे घ्यावे, हे परिचारिकेला आधी स्वतः शिकावे लागते व मग शिकवावे लागते.

शिकविणे म्हणजे केवळ पदवीधरांना शिकविणे नव्हे, हे गडचिरोलीने जगाला दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्यास, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यासही तयार केले. तेथील नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे श्वास देण्याची साधने बदलत गेली, नळी-मास्कऐवजी बॅग-मास्क आला, तसतसे त्या पुन्हा शिकत गेल्या.

आपल्या परिसरात ह्याची निकड वेगळीच आहे. भोसरी, तळवडे, चाकण, खेड ह्या पट्ट्यातील कारखान्यांत मराठवाडा-विदर्भापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची कुटुंबे आली आहेत. पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी जाता येत नाही, शेजारी वडीलधारी बाई नसते. बाळाला तिसऱ्या दिवशी दूध ओढता येते की नाही, हे विचारायला तिला सिस्टरशिवाय कोणी नाही. लहान प्रसूतिगृहातून बालक मोठ्या रुग्णालयाकडे निघते ते पुणे-नाशिक रस्त्यावरील कोंडीतून. वाटेत ते गार पडले तर पुढचे उपचार अवघड होतात. म्हणून शेजारच्या प्रसूतिगृहांतील परिचारिकांसाठीही आमचे वर्ग खुले आहेत. आईच्या छातीशी बांधून बालक कसे पाठवावे, हा त्यांतला पहिला धडा.

शिकलेल्या मुली सोडून जातात, मग खर्च वाया जात नाही काय? काही जणी शासकीय सेवेत जातात, काही परदेशी. हे खरे आहे आणि त्याची झळ आम्हाला बसते. परंतु न शिकलेली परिचारिका टिकून राहिली तर त्याची किंमत बालकाला मोजावी लागते. शिवाय ज्या उद्योजकांच्या देणग्यांवर हे रुग्णालय उभे आहे, ते नवे यंत्र आणल्यावर कामगाराला प्रशिक्षणावाचून त्याला हात लावू देत नाहीत, हे आम्ही त्यांना वेगळे सांगावयास नको. खरी अडचण पैशाहून वेळेची आहे : एक जण वर्गात बसली की कक्षात एक हात कमी पडतो. म्हणून मोठ्या शिबिरांपेक्षा पाळी बदलताना दहा मिनिटांच्या सरावावर आम्ही भर देतो. एक दिवस बॅग-मास्क, एक दिवस तापमान, एक दिवस हात धुणे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत १० बालके दगावली. तेव्हापासून प्राणवायूची मुख्य तोटी अंधारात शोधणे व दोन-दोन बालके उचलून जिन्याने उतरणे हाही सरावाचा भाग आहे.

ज्या हितचिंतकांना हा सराव पाहावयाचा असेल, त्यांनी पूर्वसूचना देऊन सकाळची पाळी सुरू होताना यावे. पादत्राणे बाहेर ठेवावीत, हात कोपरापर्यंत धुवावेत. पुतळ्यावर मास्क धरून पाहण्याची इच्छा असल्यास सिस्टर तीही संधी देतील.