रोग आधी कोणाला गाठतो?

कोविडच्या साथीपासून प्राण्यांकडून माणसाकडे येणाऱ्या आजारांचा विषय निघाला, की डोळ्यांपुढे वटवाघूळ उभे राहते. माणसाला होणाऱ्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे साठ टक्के आजारांचे मूळ प्राण्यांत आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. या संशोधनाची दोन मोठी केंद्रे आपल्या परिचयाच्या भूगोलात आहेत. शुगर लँडहून आग्नेयेस गाडीने तासाभराच्या थोडे पलीकडे गॅल्व्हेस्टन बेट आहे. तेथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत २००८ सालापासून जगातील सर्वांत घातक विषाणूंचा अभ्यास कमाल सुरक्षेत केला जातो. दुसरे केंद्र पुण्याचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली स्थापन केलेले ते विषाणू संशोधन केंद्र आज ‘एनआयव्ही’ या नावाने घरोघरी ठाऊक आहे.

विषाणू कोणता, तो कोणत्या प्राण्यात राहतो, कोणता कीटक त्याला वाहून आणतो, हे प्रश्न अशा प्रयोगशाळांत विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. आम्हांला त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न ठेवावासा वाटतो: प्राण्यातून निघालेला रोग सर्वप्रथम कोणत्या माणसाच्या अंगात शिरतो, आणि नेमक्या त्याच माणसाच्या का?

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रातच जुना आधार आहे. अशा आजारांना ‘झूनोसिस’ हे नाव देणारे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांना १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करण्यासाठी पाठवण्यात आले होते. त्यांनी परत येऊन दिलेल्या अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, लोकशाही आणि गरिबीतून सुटका यांची मागणी अधिक ठळक होती. रोगाचे बीज आणि रोगाची जमीन या दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासकाने पाहिल्या होत्या. पुढे मात्र बीजाचा अभ्यास वाढत गेला आणि जमिनीचा मागे पडला.

मुंबईच्या प्लेगमध्ये हे स्पष्ट दिसते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या धान्यगोदामांच्या वस्तीत प्लेगचे रुग्ण आढळले. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरची पिसू हा रोग पसरवते असे दाखवले, आणि लिस्टन यांच्या मुंबईतील प्रयोगांनी त्याला बळकटी दिली. विज्ञानाचा हा खरा पराक्रम आहे. त्याच काळी पालिका आयुक्त स्नो यांच्या अहवालात एक वेगळीच धास्ती नोंदलेली आहे: हलालखोर, म्हणजे मैला आणि कचरा उपसणारे कामगार, शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. श्रीमंत पळाले तर शहर तग धरेल, सफाई कामगार गेले तर धरणार नाही, हे प्रशासनाला पुरते कळत होते. म्हणून ज्यांच्या हाताला मेलेला उंदीर सर्वांत आधी लागत होता, त्यांनाच थांबवून ठेवणे शहराला सर्वांत निकडीचे वाटत होते.

या प्लेगचा एक धागा थेट बाबासाहेबांच्या घरापर्यंत जातो. साथीनंतर दाट वस्त्या सुधारण्यासाठी १८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने गरिबांच्या खोल्या वेगाने पाडल्या, नव्या बांधण्याचा वेग मात्र मागे राहिला. ज्या चाळी उभ्या राहिल्या, त्यांपैकी परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब दोन दशकांहून अधिक काळ राहिले. आज तेथे अभिवादनासाठी जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की त्या चाळींच्या पायात उंदीर, पिसू आणि मुंबईतल्या कोंदट खोल्यांचा इतिहास आहे?

आणि महाड. १९ व २० मार्च १९२७ रोजी भरलेल्या परिषदेत चवदार तळ्याच्या पाण्याबरोबरच मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचा आणि मेलेली ढोरे ओढण्यासारखी लादलेली कामे टाकून देण्याचा उपदेश बाबासाहेबांनी केला. तो लढा माणुसकीचा होता. त्याला आरोग्याची मोहीम म्हणणे हे त्याला लहान करणे होईल. तरीही आजच्या रोगविज्ञानाच्या प्रकाशात त्या उपदेशाकडे पाहिले, तर आणखी एक अर्थ उमगतो. काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, हा रोग मेलेल्या जनावराचे कातडे आणि मांस हाताळणाऱ्याला होतो. गावातले जनावर कशाने मेले हे कोणी तपासत नसे. ते कोणी ओढायचे हे मात्र जन्मानेच ठरलेले असे. जातीने कामाची वाटणी केली, आणि कामाबरोबर रोगाचीही वाटणी झाली.

ही वाटणी इतिहासजमा झालेली नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात उतरतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी बहात्तर तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घेऊन डॉक्सिसायक्लिन घ्यावे, असे आवाहन महापालिका पावसाळ्यात करते. ते योग्यच आहे. परंतु ज्या कामगाराचा पाय वर्षाचे बारा महिने नाल्यात असतो, त्याचे बहात्तर तास कोठून मोजायचे? मुंबईत रात्रपाळीचे ‘मूषक संहारक’ काठी आणि विजेरी घेऊन फिरतात. रोज रात्री तीस उंदीर हे त्यांचे उद्दिष्ट. उंदरांची मोजदाद चोख होते. मारणाऱ्याच्या तापाची मोजदाद कोणत्या वहीत होते?

सिंधुदुर्गाचे उदाहरण पाहा. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्याच्या क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली, आणि पुण्याच्या केंद्रातील संशोधकांनी नवा विषाणू शोधून काढला. गोचिडीतून पसरणारा हा ‘माकडताप’ २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. त्याचा हंगाम आणि काजूचा हंगाम जवळजवळ एकच. गोचीड पातेऱ्यात दबा धरून असते, आणि पातेऱ्यात वाकून काजूची बोंडे गोळा करते ती रोजंदारीवरची बाई. बागेचा मालक आणि ती बाई एकाच गावात राहतात, पण गोचिडीच्या वाटेत दोघे सारखे उभे नसतात.

संरक्षण देता येत नाही असे मात्र नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत आढळला. जगाचे लक्ष तेथे लागले होते. पक्षी मारणाऱ्या पथकांना अंगभर पोशाख, मुखपट्ट्या आणि औषधे मिळाली. एकाही माणसाला लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. याउलट एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच टेक्सास राज्यात गाईंमध्ये पसरलेल्या बर्ड फ्लूची लागण एका दुग्धशाळेतील कामगाराला झाली. त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने हातमोजे घातले होते, पण डोळ्यांना आणि नाकातोंडाला संरक्षण नव्हते. अमेरिकेच्या दुग्धशाळांत राबणारे बहुसंख्य हात स्थलांतरितांचे आहेत. आजारी पडलो असे सांगितले तर रोजगार जाईल, कदाचित देशही सोडावा लागेल, अशा भीतीत जगणारा माणूस तपासणीला पुढे येत नाही. मग विषाणूचा माग काढणाऱ्या शास्त्रालाही वाट सापडत नाही.

आपल्या शुगर लँडच्या मातीने हे फार पूर्वी पाहिले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये येथे शाळेच्या इमारतीचे खोदकाम चालू असताना ९५ जणांचे अवशेष सापडले. गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतरही कृष्णवर्णीय कैद्यांना ऊसमळ्यांवर भाड्याने देण्याची पद्धत होती. हे त्यातले मजूर. येथे अशी दफनभूमी असली पाहिजे, असे रेजिनल्ड मूर हे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत होते. ब्राझोस नदीकाठची दलदल, डास आणि तापाच्या साथी यांत ज्यांना उतरवले गेले, त्यांच्या श्रमांवर या शहराच्या नावातली साखर तयार झाली.

आमच्यापैकी बहुतेकांचा व्यवसाय संगणकाचा. ज्या गोष्टीसाठी तक्त्यात रकानाच नाही, तिच्याविषयी तो तक्ता कधीही बोलत नाही, हे आम्ही रोज पाहतो. नाल्यात गुदमरून झालेला मृत्यू त्याच दिवशी दिसतो. त्याच्या भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. लेप्टोचा ताप मात्र पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर कामगार घरी असतो, केसपेपरवर नुसता ‘ताप’ लिहिला जातो, आणि नाल्याशी त्याचे नाते कागदावर उरत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. प्राणिजन्य आजाराच्या प्रत्येक नोंदीत रुग्ण कोणते काम करतो, ते कायम आहे की कंत्राटी, आणि संरक्षणाची साधने कोणी दिली होती, हे लिहिले जावे. विषाणूची जनुकीय माहिती काही दिवसांत जगभर पोहोचवणाऱ्या यंत्रणेला हे तीन रकाने जड नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. मायदेशी आपले कितीतरी नातेवाईक आजही पालिकेच्या सफाई खात्यात, अनेकदा कंत्राटदाराच्या हाताखाली, काम करतात. फोनवर ख्यालीखुशाली विचारताना बूट आणि हातमोजे मिळाले का, हेही विचारू या. पावसाळ्यात ताप आला तर डॉक्टरांना ‘मी नाल्यात काम करतो’ हे आधी सांग, एवढे आवर्जून सांगू या. त्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

आणि येथे? येथे आपण काम देणाऱ्यांच्या बाजूला उभे आहोत. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने फोर्ट बेंड परगण्यात पूर आणला, तेव्हा घरांच्या कुजलेल्या भिंती उपसण्यासाठी रस्त्याच्या कडेला उभे असलेले रोजंदारी मजूर बोलावले गेले. असा पूर पुन्हा येईल. त्या दिवशी मजुराच्या हाती कुदळ देण्यापूर्वी गुडघ्यापर्यंतचे बूट, जाड हातमोजे आणि मुखपट्टी देणे ही आपली जबाबदारी राहील. वादळाचा हंगाम १ जूनला सुरू होतो. त्याआधी आपल्या मंडळाच्या साहित्यात अशा साधनांचे वीस-पंचवीस संच असावेत, असा प्रस्ताव आम्ही येत्या बैठकीत मांडत आहोत.

जय भीम.